बॅटरी फवारणी पंपाची बॅटरी बदलताना: निवड, जुळणी आणि निगा

पाठीवरचा बॅटरी पंप आज कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि भाजीपाला पिकांत सर्रास वापरला जातो. पंपाची टाकी, दांडी, पट्टे वर्षानुवर्षे टिकतात. बॅटरी मात्र दोन-तीन हंगामांत उतरते. नवीन घेताना बहुतेक जण दुकानात मिळेल ती बॅटरी बसवतात. त्यातून तीन प्रकारचे नुकसान होते. पहिले पैशाचे. दुसरे फवारणीच्या दर्जाचे, कारण उतरत्या बॅटरीवर पंपाचा दाब कमी होतो आणि औषध पानाच्या खालच्या बाजूपर्यंत पोचत नाही. तिसरे सुरक्षिततेचे. लिथियम बॅटरीला चुकीचा चार्जर लावल्यास आग लागू शकते. म्हणून बॅटरी बदलण्यापूर्वी पुढील बाबी तपासून घ्याव्यात.

कमजोर बॅटरीचा फवारणीवर होणारा परिणाम

पंपातील मोटर १२ व्होल्टवर चालते आणि पडद्याच्या पंपाद्वारे द्रावण नोझलकडे ढकलते. व्होल्टेज कमी झाले की मोटरचा वेग आणि दाब दोन्ही कमी होतात. पोकळ शंकू नोझलमधून बारीक थेंब मिळण्यासाठी साधारण २ ते ३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब लागतो. दाब त्याखाली गेला की थेंब जाड होतात, फवाऱ्याचा कोन आवळतो आणि द्रावण पानावरून ओघळते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या किडी पानाच्या खालच्या बाजूला राहतात. जाड थेंब तिथे पोचत नाहीत. पहिल्या पाच टाक्यांच्या ओळींत कीड मरते आणि शेवटच्या ओळींत तशीच राहते. अशा वेळी दोष औषधाला दिला जातो आणि पुढच्या वेळी मात्रा वाढवली जाते.

याची खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. पहिल्या टाकीच्या वेळी एक मिनिट नोझलखाली मोजपात्र धरून किती पाणी पडते ते लिहून ठेवावे. शेवटच्या टाकीला पुन्हा मोजावे. नोझल आणि गाळणी स्वच्छ असूनही १० टक्क्यांपेक्षा जास्त घट आढळली, तर त्या चार्जवरचे फवारणीचे काम तिथेच थांबवावे.

बदलण्याआधी दोष बॅटरीचाच आहे का ते पाहा

पंप कमी चालतो म्हणजे बॅटरी गेलीच असे नाही. तुंबलेली गाळणी, झिजलेला पडदा, गंजलेला चार्जिंग सॉकेट, सैल वायर किंवा बिघडलेला चार्जर यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. साध्या मल्टिमीटरने पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. बॅटरी रात्रभर चार्ज करावी. चार्जर लावलेला असताना टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. लेड-ॲसिड बॅटरीवर चार्जिंगच्या शेवटी १३.८ ते १४.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ च्या आसपासच अडकले असेल तर दुसऱ्या चांगल्या चार्जरने पुन्हा पाहावे.

२. चार्जर काढून चार ते पाच तास बॅटरी तशीच ठेवावी व पुन्हा मोजावे. १२.७ किंवा अधिक असल्यास चार्ज नीट झाला आहे. १२.४ पेक्षा कमी असल्यास बॅटरी संशयास्पद समजावी. पूर्ण चार्ज करूनही १०.५ च्या आसपास दिसत असेल तर आतील सहापैकी एक सेल निकामी झालेला असतो. अशी बॅटरी दुरुस्त होत नाही.

३. टाकीत साधे पाणी भरून पंप चालू करावा आणि चालू स्थितीत व्होल्टेज पाहावे. चांगली बॅटरी १२ च्या वर राहते. सुरू करताच ११ च्या खाली घसरणारी बॅटरी बदलण्याजोगी आहे.

४. शेवटी वेळेची चाचणी घ्यावी. दांडीचे टोक टाकीतच सोडून पाणी फिरते ठेवावे आणि व्होल्टेज १०.८ पर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते पाहावे. ८ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची नवी लेड-ॲसिड बॅटरी २.५ अँपिअर घेणाऱ्या पंपावर सव्वादोन तासांच्या आसपास चालते. ती सव्वा तासातच उतरत असेल तर तिची निम्मी ताकद गेली असे समजावे.

चारही चाचण्यांत बॅटरी चांगली आढळली, पण पंप दाब देत नसेल, तर पैसे बॅटरीवर न घालता मोटर, पडदा आणि गाळणीकडे पाहावे.

बाजारात मिळणारे प्रकार

*बंद लेड-ॲसिड बॅटरी.* बहुतेक पंपांसोबत हीच येते. पाणी भरावे लागत नाही, आडवी झाली तरी ॲसिड सांडत नाही. १२ व्होल्ट ७ ते ९ एएच बॅटरीचे माप साधारण १५१ × ६५ × ९४ मिलिमीटर असते, तर १२ एएच बॅटरीचे १५१ × ९८ × ९५ मिलिमीटर. म्हणजे लांबी-उंची तीच, जाडी दीडपट. वजन ८ एएचचे सव्वादोन किलोच्या आसपास, १२ एएचचे साडेतीन किलोच्या आसपास.

*लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी.* यात ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे पॅक १२.८ व्होल्टचा होतो. पूर्ण चार्ज १४.६ व्होल्टला. वजन लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी. उष्णता आणि वारंवार चार्जिंग हा प्रकार चांगले सोसतो.

*लिथियम एनएमसी.* यात ३.६ ते ३.७ व्होल्टचे तीन सेल असतात; पॅक ११.१ व्होल्टचा आणि पूर्ण चार्ज १२.६ व्होल्टला. वजनाने सर्वांत हलका, पण चुकीच्या चार्जिंगला आणि उष्णतेला सर्वांत नाजूक.

मोटारसायकलची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी फवारणी पंपाला वापरू नये. ती इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पातळ प्लेटी रोजच्या खोल वापरात लवकर खराब होतात. शिवाय द्रव ॲसिड असलेली बॅटरी पाठीवर वाकताना सांडली तर कातडी भाजते.

किती एएचची बॅटरी लागेल? हिशेब असा करा

बॅटरीवर लिहिलेला एएच आकडा २० तासांच्या संथ वापराचा असतो. ८ एएच म्हणजे ०.४ अँपिअरने २० तास. पंप मात्र २ ते ३ अँपिअर घेतो. एवढ्या वेगाने वापरल्यास लेड-ॲसिड बॅटरीतून लिहिलेल्या क्षमतेच्या सुमारे तीन चतुर्थांशच वीज मिळते. त्यातही बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केल्यास आयुष्य घटते. म्हणून नियोजन करताना लेड-ॲसिडची ६० टक्के आणि एलएफपीची ८५ टक्के क्षमता वापरण्याजोगी धरावी.

उदाहरण म्हणून १६ लिटरची टाकी, मिनिटाला १.२ लिटर सोडणारे नोझल आणि २.५ अँपिअर घेणारी मोटर धरू.

- एका टाकीला लागणारा वेळ: १६ ÷ १.२ = सुमारे १३ मिनिटे
- एका टाकीला लागणारी वीज: २.५ × १३ ÷ ६० = सुमारे ०.५५ एएच
- एकरी २०० लिटर पाण्यासाठी टाक्या: साडेबारा
- एका एकराला लागणारी वीज: सुमारे ७ एएच

म्हणजे लेड-ॲसिड घ्यायची तर ७ ÷ ०.६ = सुमारे १२ एएच लागेल. एलएफपी घ्यायची तर ७ ÷ ०.८५ = सुमारे ८ एएच काठावर पुरेल, १२ एएच निवांत पुरेल. ८ एएचची लेड-ॲसिड बॅटरी नवी असताना दहा-अकरा टाक्या ओढते, म्हणजे एकर संपत आला की दाब कमी होतो. अनेकांचा अनुभव हाच असतो, त्याचे कारण या हिशेबात आहे.

आपल्या पंपाची मोटर किती अँपिअर घेते ते मोटरवरील पट्टीवर लिहिलेले असते. डबल मोटर पंपाला जवळपास दुप्पट धरावे. आपल्या नोझलचा मिनिटाचा विसर्ग मोजून वरच्या हिशेबात आपले आकडे घालावेत.

कोणासाठी कोणती?

बॅटरी दोन कारणांनी मरते: वापराने किंवा पडून राहण्याने. निवड करताना आपली बॅटरी कशाने जाते हे आधी ओळखावे.

पाच एकर कापूस आणि हंगामात पाच-सहा फवारण्या असा वापर असेल, तर वर्षाला २५ ते ३० वेळाच बॅटरी चार्ज होते. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी सुमारे २०० वेळा आणि निम्मीच वापरली तर ४०० च्या पुढे चार्ज होऊ शकते. म्हणजे या शेतकऱ्याची बॅटरी वापराने संपत नाही. ती दिवाळीनंतर अर्धवट चार्ज अवस्थेत पत्र्याच्या खोलीत पडून राहते, प्लेटींवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि पुढच्या आषाढात ती चार्ज घेत नाही. अशा ठिकाणी चांगल्या दर्जाची १२ एएच लेड-ॲसिड बॅटरी आणि दर महिन्याला एकदा चार्जिंगची शिस्त पुरेशी आहे. ही शिस्त पाळणे शक्य नसेल तर एलएफपी घ्यावी; ती अर्धवट चार्जवर पडून राहिली तरी सहसा बिघडत नाही.

भाजीपाला उत्पादक, किंवा मजुरीने फवारणी करून देणारे, वर्षात १५० दिवस पंप वापरतात. त्यांची लेड-ॲसिड बॅटरी दीड वर्षात संपते. चांगल्या सेलचा एलएफपी पॅक १,५०० ते २,००० वेळा चार्ज होतो. त्यांना एलएफपीच परवडते. शिवाय दिवसभर पाठीवर दोन किलो वजन कमी राहते. भरलेल्या पंपाचे वजन वीस किलोच्या वर जाते, त्यामुळे हा फरक कमरेला जाणवतो.

तुलना करताना किमतीला अपेक्षित चार्जिंगच्या संख्येने भागावे. समजा एक बॅटरी १,००० रुपयांची असून २५० वेळा चालते, तर एका चार्जला ४ रुपये पडतात. दुसरी ३,००० रुपयांची असून १,५०० वेळा चालते, तर २ रुपये. पण वर्षाला ३० वेळाच चार्ज करणाऱ्याला १,५०० वेळा गाठायला ५० वर्षे लागतील. म्हणून त्याच्यासाठी दुसरा हिशेब कागदावरच राहतो.

| बाब | बंद लेड-ॲसिड | एलएफपी | एनएमसी |
|---|---|---|---|
| साधारण व्होल्टेज | १२ | १२.८ | ११.१ |
| पूर्ण चार्ज व्होल्टेज | १४.४ ते १४.८ | १४.४ ते १४.६ | १२.६ |
| १२ एएचचे वजन | सुमारे साडेतीन किलो | सुमारे दीड किलो | सुमारे एक किलो |
| वापरण्याजोगी क्षमता | ६० टक्के | ८५ टक्के | ८० टक्के |
| न वापरता ठेवताना | पूर्ण चार्ज | निम्मा चार्ज | निम्मा चार्ज |
| जुना लेड-ॲसिड चार्जर | चालतो | टाळावा | कधीही लावू नये |

चार्जर: सर्वांत महत्त्वाची जुळणी

तिन्ही प्रकारांवर दुकानदार "१२ व्होल्ट" असेच सांगतात आणि प्लगही सारखाच बसतो. धोका इथेच आहे. लेड-ॲसिडचा चार्जर १४.४ व्होल्टच्या पुढे जातो. तो एनएमसी पॅकला लावला तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येतात, जिथे मर्यादा ४.२ आहे. पॅकमधील संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, चांगले असेल तर ते चार्जिंग तोडते. ते निकृष्ट असेल किंवा बिघडले असेल, तर सेल फुगतो आणि पेट घेऊ शकतो. एलएफपीचे व्होल्टेज लेड-ॲसिडच्या जवळ असले तरी तिलाही १४.६ व्होल्टचा स्वतःचाच चार्जर वापरावा.

म्हणून लिथियम पॅक घेताना त्याचाच चार्जर सोबत घ्यावा आणि जुना चार्जर घरातून काढून टाकावा. दोन पंप असतील तर प्रत्येक चार्जरला रंगीत पट्टी लावून ठेवावी. सोलर पॅनल असलेल्या पंपात बॅटरीचा प्रकार बदलायचा असेल, तर आतील चार्ज कंट्रोलर त्या प्रकाराला चालतो का ते आधी विचारावे.

लेड-ॲसिडमध्ये ८ ऐवजी १२ एएच बसवल्यास १.७ अँपिअरचा जुना चार्जर चालतो, फक्त वेळ नऊ-दहा तास लागतो. उलट, लवकर चार्ज व्हावी म्हणून ८ एएच बॅटरीला २.४ अँपिअरपेक्षा मोठा चार्जर लावू नये.

खरेदी करताना तपासायच्या गोष्टी

- जुनी बॅटरी सोबत न्यावी. माप, टर्मिनलची रुंदी आणि ते कोणत्या बाजूला आहेत ते जुळवावे. टर्मिनलची पाती ४.८ किंवा ६.३ मिलिमीटर रुंदीची असते.
- उत्पादनाची तारीख पाहावी. लेड-ॲसिड बॅटरी दुकानातही उतरते. सहा महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नये.
- दुकानातच व्होल्टेज मोजून घ्यावे. नवीन लेड-ॲसिड १२.६ पेक्षा कमी दाखवत असेल तर दुसरी मागावी.
- लिथियम असल्यास एलएफपी की एनएमसी हे बिलावर लिहून घ्यावे. "लिथियम १२ व्होल्ट" एवढ्यावर समाधान मानू नये.
- लिथियम पॅकवर बीआयएस नोंदणी क्रमांक आणि आयएस १६०४६ हा उल्लेख पाहावा.
- बीएमएस सलग किती अँपिअर देतो ते विचारावे. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा जास्त प्रवाह घेते, म्हणून एक मोटर असल्यास किमान १०, डबल मोटर असल्यास १५ ते २० अँपिअरचा असावा.
- पॅक वजन करून पाहावा. ६ एएचच्या मोठ्या एलएफपी सेलचे वजन १४० ग्रॅमच्या आसपास असते. १२ एएच पॅकमध्ये असे आठ सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचेच ११०० ग्रॅमच्या पुढे. एक किलोपेक्षा हलका पॅक "१२ एएच एलएफपी" म्हणून विकला जात असेल तर आकडा खोटा आहे.
- वॉरंटी बदलून देण्याची आहे की दुरुस्तीची, हे लेखी घ्यावे.

बसवताना

पंप बंद करून टाकी पूर्ण रिकामी करावी. झाकण उघडल्यावर जोडणीचा मोबाइलवर फोटो काढावा. आधी काळी वायर, मग लाल वायर काढावी. नवी बसवताना आधी लाल, मग काळी. उलट जोडणी झाल्यास स्विच आणि वेग नियंत्रक जळतो. वायरमध्ये फ्यूज असल्यास तो काढून तार जोडू नये. लिथियम पॅक आकाराने लहान असल्याने मोकळी जागा राहते. तिथे फोम घट्ट बसवावा, नाहीतर धक्क्याने टर्मिनल सैल होतात. टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. ताम्रयुक्त बुरशीनाशकांचे द्रावण झिरपल्यास टर्मिनल हिरवे पडून गंजतात.

एलएफपी बसवल्यावर पंपावरचा व्होल्ट दर्शक फसवतो. तिचे व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते आणि मग बीएमएस एकदम वीज तोडतो. म्हणून टाक्या मोजून काम करावे.

निगा

लेड-ॲसिड बॅटरी वापर झाल्यावर त्याच दिवशी चार्ज करावी, दोन टाक्या मारल्या असल्या तरीही. हंगाम संपल्यावर पूर्ण चार्ज करून सावलीत, थंड जागी ठेवावी आणि महिन्याची एक तारीख ठरवून पुन्हा चार्ज करावी. तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरी जवळपास दुप्पट वेगाने उतरते आणि तिचे आयुष्यही त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे मार्च ते मे या काळात पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी सर्वांत लवकर जाते. लिथियम पॅक निम्म्या चार्जवर ठेवावा आणि तीन महिन्यांनी एकदा पाहावा.

चार्जिंग मोकळ्या हवेच्या जागी, फरशीवर करावे. अंथरुणाजवळ, कडबा किंवा कापसाजवळ, औषधांच्या खोलीत करू नये. लिथियम पॅक झोपेच्या वेळी चार्जिंगला लावून ठेवू नये. फुगलेली, गरम होणारी किंवा वास येणारी बॅटरी लगेच वापरातून काढावी.

इतर यंत्रांसाठी

झटका मशीनला सतत थोडा प्रवाह लागतो, म्हणून तिथे १२ व्होल्टची मोठी ट्युब्युलर किंवा बंद लेड-ॲसिड बॅटरी योग्य. मोठ्या रोपवाटिका आणि कृषी पर्यटन केंद्रांतील बग्गी गाडीला ४८ व्होल्ट लागतात. त्यासाठी ६ व्होल्टच्या आठ, ८ व्होल्टच्या सहा किंवा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडलेल्या असतात. तिथे संपूर्ण संच एकाच वेळी, एकाच कंपनीचा आणि एकाच महिन्याचा बदलावा. जुन्यात एकच नवी घातली तर जुन्या कमजोर बॅटऱ्या आधी उतरतात आणि नवीही लवकर खराब होते. हाच नियम दोन बॅटऱ्या असलेल्या डबल मोटर पंपाला लागू आहे.

जुन्या बॅटरीचे काय करावे?

लेड-ॲसिड बॅटरीतील शिसे पुन्हा वापरले जाते, त्यामुळे दुकानदार जुनी बॅटरी वजनावर परत घेतात. शिसे आणि ॲसिड विषारी आहेत; बॅटरी फोडू नये, विहिरीजवळ किंवा बांधावर टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ग्राहकाने त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवायच्या आहेत. लिथियम पॅक उकिरड्यात किंवा चुलीत टाकल्यास स्फोट होऊ शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

खरिपापूर्वीच्या शेतीशाळेत एक सत्र पंप तपासणीचे ठेवावे. एक मल्टिमीटर, एक मोजपात्र आणि घड्याळ एवढ्या साहित्यात दुपारभरात गावातील पंधरा-वीस पंप तपासता येतात. बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून आणायला सांगावे. प्रत्येक पंपाचे विश्रांतीतील व्होल्टेज, चालू स्थितीतील व्होल्टेज आणि नोझलचा मिनिटाचा विसर्ग नोंदवून ती चिठ्ठी पंपावरच चिकटवावी. लिथियम पॅक असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचा चार्जर आवर्जून पाहावा. मे अखेरीस ही तपासणी झाली, तर बॅटरी बदलायला पेरणीपूर्वी वेळ मिळतो आणि किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली त्या दिवशी पंप चालू स्थितीत असतो.